आधी हाताला, मग तोंडाला: कोरफड आणि घरगुती लेप नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली संध्याकाळ होती. सात वाजून गेले तरी बाहेर झळा मारत होत्या. नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या औषधाच्या दुकानात एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीने स्कूटीवर बांधलेला दुपट्टा तोंडावरून सोडला आणि मी काउंटरमागून उठून बाहेर आले. दोन्ही गाल आणि हनुवटी लालबुंद, डोळ्यांखाली सूज, कपाळ मात्र स्वच्छ. लेप जिथवर लागला होता तिथवरच लाली होती.

“बाहेरचं काहीच नाही लावलं वो ताई,” आई म्हणाल्या. “घरच्या कुंडीतली कोरफड हाये. पान तोडलं, तोंडाले लावलं. घरच्या कोरफडीनं असं कसं होईन?”

हा प्रश्न मी दर उन्हाळ्यात ऐकते. विचारणारी माणसं भोळी नसतात. बाजारातल्या क्रीमचा कंटाळा आलेला असतो, कुणीतरी सांगितलेलं असतं की घरचं ते चांगलं, आणि कोरफड तर प्रत्येक गॅलरीत असते. अशांसाठीच हे लिहिते आहे. कोरफड लावू नका असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना ती सोसते आणि उन्हाने तापलेल्या कातडीला तिचा गारवा बरा वाटतो. फक्त लावण्याआधी, लावताना आणि काही बिनसलं तर काय करायचं, ते क्रमाने सांगते.

झाडपाल्याने अंग पोळतं हे आपल्या विदर्भात तरी नवं नाही. बिब्बा आठवून पाहा. काटा मोडला की आजी बिब्बा तापवून त्याचं तेल सुईच्या टोकाने लावायची. कुणाला त्याचं काही होत नसे, आणि एखाद्याचं मात्र हातपाय, तोंड सगळं सुजून फोड येत. त्यासाठी आपल्याकडे ‘बिब्बा उतला’ असा वेगळा शब्दच आहे. बिब्बा, काजू आणि आंबा हे एकाच कुळातले. आंब्याच्या देठाच्या चिकाने ओठाजवळ फोड येतात तेही याच नात्यातलं. आजी बिब्ब्याला मान देऊन हाताळायची, पोरांना शिवू द्यायची नाही. तीच काळजी कोरफडीच्या पानाबाबत घेतली तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पहिली पायरी: घड्याळ पाहायला शिका

कातडी बिघडली की आपण सगळ्यालाच ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतो. पण प्रकार वेगळे असतात आणि ते ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. लावल्यापासून किती वेळाने झालं, एवढं नीट सांगता आलं तरी डॉक्टरांचं काम हलकं होतं.

लावल्याबरोबर किंवा तासाभरात आग झाली, चुरचुरलं, लेप लावला तेवढाच भाग लाल झाला, तर बहुधा तो दाह आहे. तिखट, आंबट किंवा खारी वस्तू कातडीच्या वरच्या थराला बोचली. पुरेशी लावली तर हे कुणालाही होऊ शकतं. धुतलं, थांबवलं की दोन-चार दिवसांत ओसरतं.

पाच-दहा मिनिटांत ते अर्ध्या तासात गांधी उठल्या, म्हणजे आपण म्हणतो तसं पित्त उठलं, फुगीर चट्टे आले आणि खूप खाज सुटली, तर तो दुसरा प्रकार. हा काही तासांत विरूनही जातो, पण याच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. ओठ किंवा जीभ सुजणं, दम लागणं, चक्कर येणं ही याच प्रकाराची पुढची पायरी असते.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. आज लावलं, आज काही नाही, उद्याही काही नाही. परवा खाज सुटते, बारीक पुरळ येतं, कातडी जाड आणि खरखरीत होते, आणि लेप लावला त्याच्या बाहेरही पसरते. ही उशिराची अ‍ॅलर्जी. ती २४ ते ७२ तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसते, त्यामुळे माणूस दोष भलत्यालाच देतो. सोमवारी लेप लावलेला असतो आणि बुधवारी खाल्लेल्या वांग्यावर आळ येतो. शरीराला एखाद्या वस्तूची ओळख होऊन तिच्यावर राग धरायला आधी दहा-चौदा दिवस लागतात, कधी महिने, कधी वर्षं. म्हणून ‘मी सहा महिन्यांपासून लावते आहे, कधी काही झालं नाही’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. सातव्या महिन्यात होऊ शकतं, आणि एकदा झालं की त्या वस्तूशी जन्मभर जपून वागावं लागतं.

चौथा प्रकार उन्हाचा आहे. लिंबाकडे येईन तेव्हा तो सांगते.

दुसरी पायरी: कोरफडीचं पान नीट सोला

कोरफडीचं पान आडवं कापून पाहा. बाहेर जाड हिरवी साल, मध्ये काचेसारखा पारदर्शक गर आणि या दोघांच्या मधोमध सालीला चिकटून एक पातळ थर असतो. त्यातून पिवळा चीक येतो. पान स्टीलच्या ताटलीत ठेवलं की काठावर हळदीच्या पाण्यासारखे थेंब जमतात, वास उग्र येतो आणि थोड्या वेळाने ते तपकिरी होऊन ताटलीला चिकटतात. जिभेला लागला तर कडूजहर. हाच चीक आटवून काळा बोळ करतात, जो पोट साफ करायला वापरत. यात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं आणि ते नाजूक कातडीला झोंबतं. गर बहुतांशी पाणीच असतो, जवळजवळ ९९ टक्के. म्हणजे थंडावा गरातून मिळतो आणि आग बहुतेक वेळा चिकातून होते.

त्या मुलीने काय केलं होतं ते मी विचारलं. पान मधून चिरलं आणि तसंच सालीसकट गालावर घासलं. व्हिडिओत बहुतेक असंच दाखवतात, त्यामुळे तिला तरी काय बोल लावायचा.

योग्य रीत अशी. खालच्या बाजूचं, जाड, पूर्ण वाढलेलं पान बुंध्यापासून कापा. कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभं ठेवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, चीक पेल्यात उतरतो. मग पान धुवा. दोन्ही कडांचे काटे सुरीने काढा, वरची साल जरा जाडच काढा. वांग्याची साल काढावी तशी पातळ काढली तर पिवळा थर गराला चिकटून राहतो. गर मोकळा झाला की नळाखाली धरून त्यावरचा पिवळसर बुळबुळीतपणा जाईपर्यंत पुन्हा धुवा. कुठे पिवळी रेघ दिसली तर तेवढा भाग कापून टाका. हाताने गर चोळून पाहा, पिवळं काही उमटायला नको.

काढलेला गर काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला गर दुपारपर्यंत आंबतो. त्याला वास आला, रंग गुलाबीसर किंवा तपकिरी झाला की टाकून द्या, बाटलीही उकळत्या पाण्याने धुवा. आणि कुंडीतलं ते झाड खरंच कोरफड आहे ना, हेही पाहून घ्या. नर्सरीत शोभेच्या कितीतरी जाती मिळतात, काही ठिपक्यांच्या, काही बुटक्या. त्या दिसायला जवळच्या असल्या तरी तोंडाला लावायच्या नसतात.

एक सूचना. कांदा-लसूण चिरताना ज्यांच्या बोटांना फोड येतात, भेगा पडतात, त्यांनी कोरफडीबाबत जास्त सावध राहायचं. यांचं कुळ जवळचं आहे आणि अशांना कोरफडही न सोसण्याची शक्यता जास्त असते.

तिसरी पायरी: हातावर लावून दहा दिवस थांबा

इथेच माणसं घाई करतात. रात्री मनगटावर थेंब लावतात, सकाळी काही नाही म्हणून तोंडाला थापतात. वर सांगितलेली उशिराची अ‍ॅलर्जी या परीक्षेत पकडलीच जात नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे बाही वर सरकवली की सहज दिसेल, तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर ती वस्तू लावा. सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. जागा तीच ठेवायची, बदलायची नाही. कोरफडीचा गर किंवा क्रीम तसंच राहू द्या. उटणं किंवा फेसपॅक असेल तर तोंडावर जितकी मिनिटं ठेवणार तितकीच ठेवून धुवून टाका. रोज एक फोटो काढा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी. डोळ्यांना जो फरक कळत नाही तो फोटोत कळतो.

आपल्याकडे या परीक्षेला दोन अडचणी येतात. एक घामोळं. एप्रिल-मेमध्ये कोपराच्या खोबणीत घामोळं येतंच, आणि मग ते घामाचं की कोरफडीचं हे ओळखता येत नाही. त्यासाठी त्याच वेळी दुसऱ्या हाताच्या त्याच जागेकडेही पाहा. दोन्हीकडे पुरळ असेल तर घामोळं, एकीकडेच असेल तर वस्तूचा दोष. दुसरी अडचण ऊन. गाडी चालवताना उघडा राहणारा हात परीक्षेला घेऊ नका, किंवा लांब बाह्यांचा सनकोट घाला.

दहा दिवस हात स्वच्छ राहिला तर मग कानाखाली, जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस लावा. चेहऱ्याची कातडी हातापेक्षा पातळ असते, पापण्यांची तर सगळ्यांत पातळ. हाताला सोसलेलं पापणीला सोसेलच असं नाही, म्हणून डोळ्यांभोवती काहीच लावू नका.

एका वेळी एकच वस्तू. हा नियम मला सगळ्यांत जास्त वेळा सांगावा लागतो. कोरफड, त्यात व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून, त्यात दोन थेंब टी ट्री ऑइल, वर गुलाबपाणी, असं सगळं एकाच दिवशी सुरू केलं आणि तोंड सुजलं तर दोष कुणाला देणार? व्हिटॅमिन ई कातडीला लावून अ‍ॅलर्जी येणारी माणसं आहेत, तेलांची तर खूपच आहेत. एक वस्तू, मग किमान दोन आठवडे, मग दुसरी.

घरात लग्न असेल तर उलटं मोजा. हळदीच्या दिवसाच्या तीन आठवडे आधी परीक्षा सुरू करा. नवरी-नवरदेवाला जी हळद, जे उटणं लावणार, तेच, त्याच दुकानातलं. हळदीचीही अ‍ॅलर्जी असते, आणि बाजारातल्या स्वस्त हळदीत भेसळीचा पिवळा रंग असू शकतो. लग्नाच्या आदल्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन नवरी दुकानात आली की तिला काय सांगावं हे मला आजही सुचत नाही.

चौथी पायरी: बाटली उलटी करून वाचा

ज्यांच्याकडे कुंडी नाही ते जेलची बाटली घेतात. पुढे मोठ्या अक्षरात ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘९९ टक्के’ असं लिहिलेलं असतं. ते राहू द्या, मागचं बारीक वाचा. अक्षर फार लहान असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करा. घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे जाते, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यांत जास्त. कोरफडीचं नाव तिथे बहुधा ‘अ‍ॅलो बार्बाडेन्सिस’ असं असतं. ते यादीच्या तळाला असेल तर बाटली कोरफडीची नाही.

मग शोधा ‘परफ्यूम’, ‘पार्फम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’. सुगंध हे त्वचेच्या अ‍ॅलर्जीचं अगदी नेहमीचं कारण आहे आणि या एका शब्दाखाली अनेक द्रव्यं असू शकतात. ‘लिमोनीन’, ‘लिनालूल’ ही नावंही सुगंधाचीच. ‘अनसेंटेड’ लिहिलं असलं तरी वास लपवायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हा शब्द त्यापेक्षा बरा.

दुसरं नाव ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’. पाणी असलेली वस्तू नासू नये म्हणून काहीतरी टिकवण घालावीच लागते, त्यात गैर नाही. पण या एका टिकवणीने इतक्या लोकांना अ‍ॅलर्जी झाली की युरोपात २०१७ पासून कातडीवर राहू देण्याच्या क्रीम-जेलमधून ती बंद केली. आपल्याकडे बाटली घेताना ते नाव दिसलं तर मी दुसरी बाटली सुचवते.

आणि रंग. कोरफडीचा गर पाण्यासारखा असतो हे आता तुम्ही ताटलीत पाहिलंच. मग जेल पोपटी-हिरवं कशाने झालं? यादीच्या शेवटी ‘सीआय’ आणि पुढे आकडा असतो, तो रंग. त्याने सगळ्यांनाच काही होईल असं नाही, पण त्याची गरजही काही नाही. डब्यावर ‘आयुर्वेदिक’ आहे म्हणून सुगंध आणि रंग नसतील असं मानू नका. यादी तिथेही वाचायचीच.

पाचवी पायरी: स्वयंपाकघरातल्या आणि गच्चीवरच्या वस्तू

लिंबू तोंडाला लावू नका. इथे मी ‘जपून लावा’ असंही म्हणणार नाही. लिंबाचा रस कातडीच्या मानाने फार आंबट असतो, तो आधीच बोचतो. वर त्यात आणि त्याच्या सालीत काही द्रव्यं असतात जी उन्हातल्या अतिनील किरणांबरोबर मिळून कातडी भाजतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल होतं, फोड येतात, आणि ते गेल्यावर काळपट डाग उरतात जे महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला म्हणून लावलेलं लिंबू नवे डाग देऊन जातं. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माणसं दुपारी बर्डीच्या बाजारात पार्किंग शोधत उन्हात फिरतात, तिथे हे फार जपायला हवं. रसवंतीवर लिंबू पिळणाऱ्याच्या हातावरचे असे डाग मी पाहिले आहेत.

संत्र्याच्या सालीबद्दल मात्र नागपूरकरांशी जरा सविस्तर बोलायला हवं. अंबिया बहाराची संत्री आली की घराघरांत साली गच्चीवर वाळत पडतात, मिक्सरमधून काढून वर्षभराची पावडर होते. लहानपणी साल दुमडून भावंडाच्या डोळ्यात फवारा मारायचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलेला आहे. डोळा जो झोंबायचा तो त्या सालीतल्या तेलामुळे. त्यात मुख्यतः लिमोनीन असतं. ताजं असताना ते तितकं त्रास देत नाही, पण हवा लागून जुनं झालं की त्यातून अ‍ॅलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून उघड्या डब्यातली गेल्या वर्षीची पावडर तोंडाला लावू नका. फवारणी केलेल्या फळाची साल आधी नीट धुवायची, आणि पावडर वस्त्रगाळ करायची. भरड पावडर चोळली की कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि मग जे लावाल ते आत झोंबतं.

उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन अशा आठ-दहा वस्तू असतात. सोसलं तर छान, न सोसलं तर कोणत्या वस्तूने, ते घरी शोधता येत नाही. इतवारीच्या बाजारातून वेगवेगळ्या वस्तू आणून घरी मिसळत असाल तर प्रत्येकीची थोडी पुडी बाजूला, नाव लिहून ठेवा. गरज पडली तर डॉक्टरांकडे न्यायला कामी येते. तान्ह्या बाळाला डाळीचं पीठ-हळद चोळायची पद्धत मला पटत नाही. बाळाची कातडी फार नाजूक असते, त्याला चोळणं सोसत नाही.

खायचा सोडा, लसणाची पाकळी, व्हिनेगर, टूथपेस्ट यांतलं काहीच पुटकुळीवर ठेवू नका. लसूण रात्रभर बांधून ठेवल्याने खरीखुरी भाजल्याची जखम झालेली पाहिली आहे. टी ट्री, दालचिनी, लवंग यांची तेलं नुसती कधीच लावायची नाहीत. आणि बाटली फोडून वर्ष झालं असेल तर विरळ करूनही नाहीत, कारण लिमोनीनसारखंच तेही हवेने बिघडतं.

गाजर गवताचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण संबंध आहे. पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांचं जे गवत माजतं, त्याने कितीतरी जणांच्या मानेला, पापण्यांना, कोपरांना दर वर्षी इसब उठतं. हे झेंडू, शेवंती, कॅमोमाइल, कॅलेंडुला यांच्याच कुळातलं. ज्यांना गाजर गवत बाधतं त्यांना कॅमोमाइलचं ‘शांत करणारं’ क्रीमही बाधू शकतं. बाटलीवर फुलाचं सुंदर चित्र असतं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

काळी मेहंदी आणि टिकली यांचं थोडक्यात. मेहंदीच्या पानाचा रंग केशरी-तपकिरी येतो. तासाभरात काळीकुट्ट रंगणाऱ्या मेहंदीत केसांच्या डायमधलं पीपीडी असू शकतं, त्याने फोड येतात आणि पुढे डाय कायमचा बंद होतो. टिकलीच्या गोंदाने काहींना कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटायला लागली की टिकली सोडा, कुंकवाकडे वळण्याआधी तेही हातावर लावून पाहा.

सहावी पायरी: झालंच तर

धुवा. साध्या, गार पाण्याने, माठातलं चालेल. साबण लावायचाच तर सौम्य, घासायचं नाही. मग जुन्या सुती साडीचा स्वच्छ तुकडा गार पाण्यात बुडवून पिळून दहा मिनिटं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा करा. बर्फ थेट लावू नका, वाफ घेऊ नका. कोरडं पडत असेल तर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. नुसती खाज असेल तर कॅलामाइन लोशन.

त्या दिवसापासून तोंडाला दुसरं काहीही नाही. कोरफडीने आग झाली म्हणून चंदन, चंदनाने नाही गेलं म्हणून मुलतानी माती, अशी साखळी मी फार पाहते. दुपट्टा बांधावाच लागत असेल तर आत मऊ, धुतलेलं सुती कापड घ्या. घामाने ओलं, घट्ट बांधलेलं कापड राहिलं की लावलेली वस्तू जास्त आत झिरपते आणि घर्षणही होतं. त्या मुलीची लाली इतकी चढली त्याला हेही एक कारण होतं. लेप लावून, वर दुपट्टा बांधून ती भर दुपारी क्लासला गेली होती.

फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, बाटली किंवा पुडी फेकू नका.

दाह दोन-चार दिवसांत बसतो. अ‍ॅलर्जीला वस्तू बंद केल्यावरही दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्याने घाबरू नका. पण डोळे सुजले, फोडांतून पाणी येऊ लागलं, पिवळी खपली धरली, ताप आला, पसरत चाललं, किंवा बाळाला अथवा गरोदर बाईला झालं, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ. ओठ-जीभ सुजून श्वास अडकत असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

सातवी पायरी: ट्यूब मागू नका, डॉक्टर गाठा

माझ्या काउंटरवर लोक ट्यूबचं नाव सांगून उभे राहतात. शेजारणीला लागू पडलेली असते. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड असतं, काहींत त्याबरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषधही असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस लावत राहतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि बंद केलं की पहिल्यापेक्षा जास्त भडकतं. मुळात गजकर्ण असेल तर ते स्टेरॉइडखाली लपून पसरत राहतं. २०१८ पासून अशा बऱ्याच ट्यूबा चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम आहे. मी नाही म्हणते तेव्हा गिऱ्हाईक रागावतं, तरी मी नाहीच म्हणते. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी लिहून दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट आहे, ते सांगितल्याप्रमाणे नक्की लावा.

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. सोबत सगळ्या बाटल्या, पुड्या आणि मोबाइलमधले फोटो न्या.

पुन्हापुन्हा होत असेल तर पॅच टेस्टबद्दल विचारा. यात पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या छोट्या चकत्या चिकटवतात, त्या ४८ तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा एकदा पाहतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात नागपुरात हे जवळजवळ अशक्य, म्हणून डॉक्टर बहुधा थंडीत बोलावतात. तुमच्या स्वतःच्या वस्तूही त्यात लावून पाहता येतात, म्हणून बाटल्या जपून ठेवायला सांगितलं.

त्या मुलीला मी त्या संध्याकाळी फक्त कॅलामाइन आणि साधी पेट्रोलियम जेली दिली आणि सकाळी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. डॉक्टरांनी आठ दिवसांचं औषध दिलं, घरी पुन्हा काही लावून बघायचं नाही म्हणून बजावलं. जानेवारीत तिची पॅच टेस्ट झाली. चौथ्या दिवशी ती रिपोर्ट घेऊन दुकानात आली. कोरफडीच्या गराची चकती स्वच्छ होती. लाल, खाजरा गोल उठला होता तो टी ट्री ऑइलच्या जागी. कोरफडीबरोबर ती रोज त्याचे तीन थेंब लावायची, आणि हे तिने आईला सांगितलंच नव्हतं. बाटली दीड वर्षाची होती, बुच सैल, कूलरच्या खिडकीत ठेवलेली.

तेलाचं नाव तिने मोबाइलमध्ये लिहून ठेवलं आहे. नवं क्रीम घेताना काउंटरवर उभी राहून आधी मागची यादी वाचते, मग पैसे काढते. कुंडीतली कोरफड ती डॉक्टरांना विचारून पुन्हा लावते, पान पेल्यात उभं करून, पंधरा मिनिटं मोजून.